एकेचाळीस महिने

आमच्या घरात तेव्हा एक आकडा सगळ्यांना पाठ होता. माझा वाढदिवस कधी हे आईला दरवर्षी कॅलेंडर पाहून सांगावं लागे, पण एकेचाळीस म्हटलं की ती भाकर थापता थापता, मान वर न करता म्हणायची, "त्यातले अकरा गेले." हा आकडा मी काढला होता, अकरावीत असताना, वहीच्या मागच्या पानावर. तो बरोबर होता. पुढे आयुष्यभर मी लोकांचे हिशेब तपासले, त्यात माझ्याही चुका निघाल्या, पण त्या भागाकारात आजवर चूक सापडलेली नाही. चूक होती ती भागाकाराच्या आधी. ती सापडायला आम्हाला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात माझ्या बाबांनी एका परक्या मुलीसाठी सहा स्थळं पाहिली.

आधी बाबांचा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं नवल वाटणार नाही. बाबा अकोल्याला सरकारी कचेरीत होते आणि आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. फाईलवर एक सही कमी असेल तर साहेबाच्या तोंडावर फाईल परत करणारा हा माणूस, पण स्वतःसाठी कुणाकडे काही मागायचं म्हटलं की त्यांचं तोंड उघडत नसे. शेजारच्यांनी आमची शिडी नेली होती. ती परत मागायची लाज वाटते म्हणून बाबांनी नवी शिडी आणली. शेजाऱ्यांना ती जास्त आवडली आणि ते तीही घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात आई कुरोड्या वाळत घालायला गच्चीवर चढायची ती टेबलावर स्टूल, स्टुलावर पिंप अशी चढण रचून. खाली मी पिंप धरून उभी, घरात कूलरची घरघर, आणि वरून आईचा आवाज यायचा, "मागून आणा म्हणते न मी. आपलीच शिडी हाय." बाबा पेपरातून डोकं बाहेर काढत नसत.

तिवस्याजवळ आमच्या वाट्याचं दीड एकर शेत होतं. ते काकांनीच विकत घेतलं आणि बाबांच्या हातात एकदम दोन लाख ऐंशी हजार आले. त्या पैशाचं काय करायचं यावर आमच्या घरी महिनाभर जेवताना दुसरा विषय नव्हता. पोस्टात ठेवले असते तर तेव्हाच्या व्याजाने महिन्याला अठ्ठावीसशे येत होते. मी तसं लिहूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "पोस्टातल्या पैशाले ओटा असते काय? संध्याकाळी बसता येते काय त्याच्यावर?" मी म्हटलं, पोस्टातला पैसा पावसाळ्यात गळतही नाही. त्यावर आईने मला गप्प बसवलं, पण पोरीचं बोलणं तिला पटलं होतं, कारण तिने माझ्या ताटात कढीतला एक गोळा जास्त टाकला.

अशात अमरावतीचं घर निघालं. कॉलेजांपासून सायकलीच्या अंतरावर तीन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. मालक धामणगाव रेल्वेचे धान्याचे व्यापारी. त्या गल्लीत तेवढं घर साडेतीन लाखाला जात होतं, हे मात्र दोन लाख ऐंशीला. म्हणजे बरोबर आमच्याकडे होते तेवढ्याला. सत्तर हजार कमी का, तर आत भाडेकरू होता. तायडे मास्तर. रिटायर झालेले, पत्नी वारलेली, एक मुलगी, बावीस वर्षांपासून तिथेच. भाडं महिना चारशे. असा जुना भाडेकरू कायद्याने हलत नाही, म्हणून त्या घराला कुणी हात लावत नव्हतं.

बाबा मास्तरांना भेटायला गेले, सोबत मला घेतलं. जयभीम झाला, चहा झाला. मास्तरांनी ओट्यावर चटई टाकली, चष्मा पुसला आणि स्वतःच म्हणाले, "साहेब, तुमाले आडून बोलणार नाई. करुणाचं लग्न झालं का दुसऱ्या दिवशी घर खाली. मी एकटा जीव, बडनेऱ्याले पुतण्याकडे जातो. मास्तराचा शब्द हाय."

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "बाबा, लिहून घ्या."

"लिहून घेऊ?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ज्या माणसानं हजार पोट्ट्याइले लिहाले शिकवलं, त्याले म्हणू का माह्यासाठी लिहून दे?"

मग मी वही काढली. घर मोकळं झालं तर तीन खोल्यांत विद्यार्थी ठेवून महिन्याला तेवीसशे येतील. वर्षातला एखादा महिना घर रिकामं राहणार असं धरायचं, कारण एक भाडेकरू गेला की दुसरा दारात उभा नसतो. म्हणजे साधारण एकवीसशे. आज येतात चारशे. मास्तर असेपर्यंत दर महिन्याला सतराशेचं नुकसान. आणि घर स्वस्त मिळालं सत्तर हजारांनी. सत्तर हजार भागिले सतराशे: एकेचाळीस. एकेचाळीस महिन्यांच्या आत करुणाताईचं लग्न झालं तर सौदा फायद्याचा, नाहीतर आम्ही बुडालो. मूर्तिजापूर यायच्या आत हे गणित झालं. बाबांनी ते दोनदा तपासलं आणि म्हणाले, "एकेचाळीस महिन्यात तं म्हाताऱ्याचंही लग्न होते."

त्या सतराशेत माझाही जीव अडकलेला होता. मला बारावीनंतर सी.ए. करायला पुण्याला जायचं होतं, आणि होस्टेल, मेस धरून महिन्याचा खर्च सोळाशे येत होता. बाबांच्या पगारातून ते निघणं शक्य नव्हतं. बाबांनी सरळ सांगून टाकलं, "मास्तराची पोरगी सासरी, तं तू पुण्याले." घर आम्ही डिसेंबरात घेतलं. माझ्या हातात अठरा महिने होते.

करुणाताई तेव्हा चोवीस वर्षांची. एका खाजगी शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी बसस्टँडजवळ आठशे रुपये भाड्याची एक खोली घेऊन दहावीच्या शिकवण्या घ्यायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात जे आलं ते आज लिहायलाही ओशाळं वाटतं. मी मनात म्हटलं, चष्मा आहे, उंची बरी आहे, सहा महिने.

पहिलं स्थळ तिवस्याचं. आमच्या नात्यातला मुलगा, बाबांनीच आणलेला. त्याने करुणाताईला शाळा सोडशील का विचारलं. तिने त्याला तू नोकरी सोडशील का विचारलं. माझ्या वहीत नोंद: तीन महिने, पाच हजार शंभर. दुसरा अकोल्याचाच, त्याच्या आईला मुलगी सावळी वाटली, आणि ती बाई स्वतः तव्याच्या रंगाची होती, हे माझ्या आईने परत येताना एसटीत कंडक्टरलासुद्धा सांगितलं. तिसऱ्याने आधीच दुसरीकडे ठरवलेलं निघालं. बाबा दर रविवारी पिशवीत बायोडाटे घेऊन निघायचे. समाजाच्या परिचय मेळाव्यात लोक त्यांना विचारायचे, "मुलगी तुमची?" बाबा म्हणायचे, "नाई जी, भाडेकरूची." लोकांना वाटायचं, काय मोठ्या मनाचा घरमालक आहे. बाबांनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

इकडे आईचं निराळंच सुरू झालं. बघायच्या कार्यक्रमाला अमरावतीला जाऊन जाऊन तिचा त्या दोघांवर जीव जडला. जाताना ती डबा नेऊ लागली. मास्तरांना पातोडीचा रस्सा आवडतो म्हणून आदल्या संध्याकाळपासून बेसन घोटणं, करुणाताईला ठेचा, आणि वर पन्हं. मी डब्यांचा आणि एसटीच्या तिकिटांचा खर्च वेगळ्या रकान्यात धरला होता. आईने तो रकाना पाहिला आणि वही चुलीत घालीन म्हणाली.

आता माझ्याकडे लोक सल्ल्याला येतात. हातात फ्लॅटचे कागद, डोळ्यांत भाड्याचे आकडे. मॅडम, किती टक्के पडतं? मी त्यांना व्याज सांगते, घरपट्टी सांगते, दुरुस्ती आणि रिकामा महिना वजा करायला लावते. मग विचारते, तुम्हाला भाडं मागता येतं का? ते हसतात. त्यांना वाटतं मॅडम गंमत करतात.

सहावं स्थळ तेल्हाऱ्याचं, आणि ते सगळ्यांत चांगलं होतं. मुलगा कृषी सहायक, शांत, मुलीने नोकरी केलेली चालेल असं स्वतः चिठ्ठीत लिहिणारा. कार्यक्रम मे महिन्यात ठरला. माझी बारावी झालेली, सतरा महिने संपलेले, होस्टेलचा फॉर्म कपाटात. बाबांनी ठरवलं की या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही. मास्तरांकडे कूलर नव्हता. अमरावतीतलं मेमधलं ऊन, त्यात तेल्हाऱ्याहून जीपमध्ये भाजत आलेली माणसं. घामाघूम माणूस होकार देत नाही, असं बाबांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आमचा घरचा कूलर सोडवला, एसटीच्या टपावर बांधला आणि शंभर किलोमीटर नेला. आई वाटभर म्हणत होती, "शिडी मागाले लाजते, अनं कूलर घेऊन गावभर फिरते."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा, सगळं बोलणं मामाकडे. कूलर समोर लावलेला, वाळ्याचा वास, आईने केलेली आलूची भजी, पन्हं. करुणाताई ट्रे घेऊन आली, मुलाने मान वर करून पाहिलं, दोघांना काहीतरी बरं वाटल्याचं मला दारातून दिसलं. मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली. तेवढ्यात मामांनी बाबांना विचारलं, "तुमी मुलीचे काका काय?"

"नाई जी. मी घरमालक."

मामांनी भजं बशीत ठेवलं. "घरमालक?"

"हो जी. कूलर आमचाच हाय. अकोल्याहून आणला." बाबांना थांबता येईना. "आमची लय इच्छा हाय का हे लवकर व्हावं. पुढच्या महिन्यात झालं तं हॉलचा खर्च माह्याकडे."

मामांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग करुणाताईकडे, आणि मग बहिणीकडे. मुलीत काहीतरी खोट आहे आणि ती झाकायला घरमालक अकोल्याहून कूलर घेऊन आला आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. "कावून बाप्पा," ते म्हणाले, "घरमालकाले कायची घाई?"

बाबा खोटं बोलू शकत नव्हते. फाईलवरही नाही आणि इथेही नाही. ते म्हणाले, "लग्न झालं का घर खाली होते न जी."

मग मामा उठले. "म्हंजे आमी पोरगी पाहाले आलो का घर खाली कराले?" त्यांच्या मागे सगळे उठले. मुलगा उंबऱ्यात जरा रेंगाळला, पण जीप सुरू झाली होती.

करुणाताई ट्रे धरून तशीच उभी होती. हा करार तिला माहीतच नव्हता; मास्तरांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने ट्रे ठेवला, मला मनगटाला धरून मागे मोरीपाशी नेलं आणि म्हणाली, "सुमे, खरं सांग. काय चालून राह्यलं हे?"

माझ्या पिशवीत वही होती. ती मी तिच्या हातात दिली. तिने उभ्याउभ्या सगळी वाचली. साडेतीन लाख, दोन ऐंशी, तेवीसशे, रिकामा महिना, सतराशे, एकेचाळीस. मग स्थळांची यादी, समोर रुपये. पुढच्या पानावर पुण्याचं होस्टेल, सोळाशे. मला वाटलं ती वही मोरीत टाकेल. ती वहीवर बोट ठेवून म्हणाली, "भागाकार तुहा?"

"हो."

"बरोबर हाय." गणिताची बाई होती, आधी तेच बोलली. मग म्हणाली, "पण हे सतराशे मले कावून नाई मागितले?"

तिने पुढच्या खोलीकडे बोट केलं. मास्तरांना ती दादा म्हणायची.

"बसस्टँडच्या खोलीचे आठशे देऊन राह्यली मी. एकच तुकडी बसते तिथं, सहा वाजता खोली सोडावी लागते. पुढची खोली वापराले भेटली तं तीन तुकड्या घेईन. दादाले दहादा म्हटलं, मालकाले इचारा. दादा म्हणते, चारशे भाड्यात अजून कोणत्या तोंडानं इचारू."

आम्ही दोघी पुढच्या खोलीत आलो. मास्तर आणि बाबा समोरासमोर बसले होते, दोघांच्या हातात पन्हं, दोघांच्या नजरा कूलरवर. करुणाताईने वही मध्ये ठेवली. "काका, पुढच्या महिन्यापासून एकवीसशे देते. शिकवणी इथं घेईन. चालते काय?"

बाबा एकदम मास्तरांकडे वळून म्हणाले, "म्या नाई जी मागितलं. सुमीची वही हाय ते."

"कावून नाई मागितलं?" करुणाताई म्हणाली.

"मास्तराले कसं म्हणू माय, भाडं वाढवा म्हणून?"

"अनं माह्यासाठी सहा पोट्टे आणाले लाज नाई वाटली?"

"ते चांगलं काम हाय न," बाबा म्हणाले, आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं. मास्तरांनी मान डोलावली. "साहेबाचं बरोबर हाय, करुणा," ते म्हणाले. "माणसानं माणसाले भाडं कसं मागावं?" आई स्वयंपाकघराच्या दारातून दोघांना बघत होती. ती एवढंच म्हणाली, "आता या दोघाइले एक शिडी द्या."

जूनमध्ये मी पुण्याला गेले. दर महिन्याला माझ्या नावाची मनीऑर्डर यायची तेव्हा मला ठाऊक असायचं की ती अमरावतीच्या तीन तुकड्यांतून आली आहे, सकाळी सहा, संध्याकाळी पाच आणि सात. करुणाताईला मी आधी सहा महिन्यांत घालवायला निघाले होते. आता शिकवणीला किती पोरं आली हे मी दर पत्रात विचारी. बाबांनी स्थळं बघणं मात्र थांबवलं नाही. आई म्हणाली, आता काय गरज. बाबा म्हणाले, "आता घराचा संबंध नाई. आता मोकळ्या मनानं पाहतो." त्यांची आणखी दोन स्थळं पडली. शेवटी करुणाताईने स्वतःच ठरवलं. धामणगाव रेल्वेचा, विज्ञान शिकवणारा, तिच्याच शाळेत बदलीवर आलेला. लग्न मार्चमध्ये झालं. मी पुण्याहून आले ती वही घेऊनच. चाळिसावा महिना होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला परतण्याआधी बाबा आणि मी मास्तरांचा निरोप घ्यायला गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. शेजारी पत्र्याची पेटी, वळकटी, दोरीने बांधलेली भांडी. आत तिन्ही खोल्या झाडून पुसून काढलेल्या, भिंतींवर फक्त फोटोंच्या जागी चौकोन. मास्तरांनी उठून बाबांच्या हातात किल्ली ठेवली. "साहेब, शब्द दिला होता. घर खाली."

बाबांनी किल्लीकडे पाहिलं. "मास्तर, हे कायले? करुणा शिकवणी इथंच घेणार म्हणते न."

"तिचं ती तुमच्याशी बोलन. ते निराळं. मास्तराचा शब्द म्हंजे शब्द. रिक्षा सांगितला हाय बडनेऱ्याचा."

बाबा म्हणाले, ऊन चढतंय, आत तरी चला. मास्तर म्हणाले, दुसऱ्याच्या घरात असं कसं शिरू. रिक्षा आला. रिक्षावाल्याने पेटीला हात घातला. बाबा किल्ली हातात घेऊन तिन्ही खोल्यांतून एक चक्कर मारून आले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. बाहेर आले ते घसा साफ करत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणाकडे काही मागताना ऐकलं.

"मास्तर," ते म्हणाले, "एक घर भाड्यानं द्याचं हाय. तीन खोल्या. पाहता काय?"

मास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "भाडं?"

बाबा माझ्याकडे वळले नाहीत. "एकवीसशे," ते म्हणाले. मोठ्याने, रिक्षावाल्यासमोर.

"पाहू द्या मंग," मास्तर म्हणाले, चपला काढून आत गेले आणि नवख्या माणसासारखं घर पाहू लागले. नळ सोडून पाहिला. खिडकीची कडी लावली, काढली. मोरीपाशी वाकले. "इथं पाणी तुंबते," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"आठनऊ वर्षं झाले असतीन."

"मागच्या भाडेकरूनं सांगितलं नाई कधी," बाबा म्हणाले.

"बुजरा असन," मास्तर म्हणाले.

रिक्षावाल्याला अर्धं भाडं देऊन परत पाठवलं. पेटी आत गेली, वळकटी आत गेली, फोटो पुन्हा आपापल्या चौकोनांत बसले. मी ओट्यावर बसून वही उघडली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: घर रिकामं राहिल्याचा काळ, वीस मिनिटं. त्याखाली मोरीची दुरुस्ती, साडेतीनशे.